दिनकरच्या गाडीतला लाल दिवा

दिनकरच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा फोन आला तेव्हा मी नागपूरला लेकीकडे होतो. "भाऊ, हे गेले जी... गाडी चालूच नाही झाली," एवढंच त्या बोलल्या. माणूस गेल्याच्या बातमीत गाडी कुठून आली, हे मुर्री गावी त्यांच्या घरी पोचल्यावर कळलं. दुपारी दिनकरच्या छातीत कळ आली. वहिनींनी त्याला धरून गाडीत बसवलं, शेजाऱ्यांनी किल्ली फिरवली, तर नुसतं टक् झालं. ढकलूनही पाहिली. मग ऑटो शोधण्यात वेळ गेला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दिनकर शाळेत लिपिक होता, उरलेला वेळ बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. मी उभं आयुष्य बसगाड्यांची वायरिंग केली, आणि जिभेनं जरा तिखटच आहे. आमची मैत्री त्या जुन्या गाडीवरच पोसली गेली. त्यानं ती घेतली तेव्हाच ती पोक्त होती. कधी हेडलाइट लावला की हॉर्न मुका व्हायचा, कधी काही कारण नसताना डॅशबोर्डवरचा एखादा दिवा डोळे वटारायचा. बोदलकशाच्या तलावावर मासे आणायला निघालो की मी त्या दिव्यांकडे बघत बसायचो आणि तो मला हसायचा. "काऊन घाबरून राहिला बे? गाडी चालून राहिली ना?" गाडीला तोंड नाही म्हणून दिवा दिलाय, असं मी कितीदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

दसऱ्याला गाडीची पूजा वहिनींकडे असायची. हार, हळदकुंकू, चाकांखाली लिंबं. नारळ एरवी जमिनीवर फुटायचा. यंदा बॉनेट उघडं होतं, तेव्हा इंजिनालाही मान मिळावा म्हणून त्यांनी तो तिथल्याच लोखंडी पट्टीवर फोडला. पाणी वायरींवर सांडलं. काही दिवसांनी बॅटरीचा लाल दिवा गाडी चालू असतानाही मिणमिणायला लागला. दिनकरनं फोनवर सांगितलं तेव्हा मी म्हणालो, मी आल्यावर बघतो, तोवर हात लावू नकोस. तो चक्क "बरं" म्हणाला... त्याच वेळी मला शंका यायला हवी होती.

तेरवीला आलेल्या नातलगांना नारळाची गोष्ट कळली आणि त्यानंच गाडी मेली, अशी कुजबुज सुरू झाली. वहिनींचं अन्नपाणी तुटलं. "म्याच मारलं जी त्याहीले," त्या एकदा भिंतीकडे बघत म्हणाल्या. मला ते सहन होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वायरीतला करंट तपासायचा टेस्ट लॅम्प घेऊन गाडीपाशी गेलो. एक जोड नारळाच्या पाण्यानं हिरवा पडला होता, हे खरं. पण तेवढ्यानं दिवा मिणमिणतो, गाडी मरत नाही. जोड घासला, बॅटरी भरून आणून बसवली, किल्ली फिरवली. बाकीचे दिवे लागले, बॅटरीचा लागेना. डॅशबोर्ड खोलला तर त्या दिव्याची जागा रिकामी होती. दिनकरनं बल्बच काढून टाकला होता. असल्या जुन्या गाडीत बॅटरी भरणाऱ्या आल्टरनेटरला जागं करणारा करंट त्याच बल्बमधून जातो. बल्ब नाही, तर जवळच्या फेऱ्यांत बॅटरी भरतच नाही, नुसती संपत जाते. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलो, त्याच्याच सीटवर बसून त्याला नाही नाही ते बोललो, आणि मग रडलो.

वहिनींच्या छातीवरचा दगड आता उतरेल, या आशेनं मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. नारळानं नाही वहिनी, त्यानं बल्ब काढला म्हणून.

"दिवा दिसला का मी गाडीत बसत नव्हती जी. भेव लागे. मंग एक दिवस हे म्हणाले, बघ, गेला तुहा दिवा, चाल आता बाजारात." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे माह्यासाठीच काढला ना भाऊ?"

त्यांना आगीतून काढायला गेलो आणि फुफाट्यात टाकलं. खरं सांगितलं नसतं तर बरं झालं असतं का, हे मी रोज स्वतःला विचारतो.

गेल्या आठवड्यात नवा बल्ब घेऊन गेलो. वहिनी बाहेर आल्या आणि डावीकडच्या, त्यांच्या नेहमीच्या सीटवर बसल्या. किल्ली फिरवली, लाल दिवा लागला. इंजिन सुरू केलं, तसा तो विझला.

"बंद कायले केला भाऊ?"

"इंजिन चालू झालं की तो विझतोच, वहिनी. विझायलाच पाहिजे."

"मंग इंजिन बंद करा."

मी इंजिन बंद केलं आणि किल्ली अर्धी फिरवून ठेवली. दिवा पुन्हा लागला. वहिनी मांडीवर हात ठेवून त्याच्याकडे बघत बसल्या. बॅटरी उतरेल, हे माझ्या ओठांवर आलं होतं... मी उतरून दार हळूच लावलं आणि अंगणात जाऊन उभा राहिलो.