संमेलनाची फी आणि सांडपाण्याचा प्रश्न

ही वही माझ्यापुरतीच आहे. तरी कुणाच्या हाती लागली तर आधीच माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळले नाहीत आणि अक्षर तर माझं मलाच दुसऱ्या दिवशी लागत नाही. चौथीनंतर लिहिलं ते किराण्याच्या यादीपुरतं.

माझ्या मुलीला आणि तिच्या मैत्रिणींना विज्ञानकथांचं वेड. परग्रह, यानं, यंत्रमानव, असलं सगळं. गेल्या वर्षी त्यांनी धुळ्यात अशा वाचकांचं संमेलन भरवलं. हॉलला पैसे कमी पडले, म्हणून मी बचत गटातून वीस हजार काढून दिले. चार बायकांत बोलायचं तर मला घाम फुटतो, पण त्या दिवशी बोलले, "संमेलनाच्या फीतून लगेच फेडते."

पाहुणे साडेदहाला येणार होते, आले साडेबाराला. त्यांच्याशिवाय दिवा कसा लावायचा, म्हणून सगळे समईकडे बघत बसले. मग अकरा सत्कार. शिरपूरचा एक शिक्षक ठिबकच्या जुन्या नळ्या अंगाला गुंडाळून परग्रहावरचा माणूस होऊन आला होता. नळ्यांमुळे त्याला धड बसता येईना. तीन तासांत कुणी त्याला एक शब्द विचारला नाही. आणि दारात पैसे मागणं बरं दिसत नाही, म्हणून या शहाण्यांनी फी शेवटी घ्यायची ठरवली होती. शेवटी होतं कोण? जेवण झालं तशी माणसं निघून गेली.

वर्षभर मी पोळ्या लाटून व्याज भरलं. गटात एक जण दर वेळी विचारायची, "काय वो अक्का, तुम्हनं यान उतरनं का नही आजून?" बाकीच्या हसायच्या. मी खाली बघायची.

यंदा मुलगी पुन्हा यादी घेऊन आली. तेरा सत्कार!

"आई, नाही केले तर लोक वाईट वाटून घेतात."

"घेऊ देत. भाडं खर्चून येतात त्यांना काय वाटतं, ते विचारलंस कधी?"

मी म्हटलं, हॉल नको, स्टेज नको. तुझ्या त्या मैत्रिणीच्या शेतात भरीत करा, फी ताटाआधी मी घेते. मैत्रीण म्हणाली, "मावशी, हे संमेलन आहे, भरीत पार्टी नाही." पण हॉलला पैसेच नव्हते, म्हणून ऐकलं.

कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवल्या, जळगावकडची वांगी भाजायला टाकली. सोलायला आणि लाकडी बडगीत कुटायला आलेल्यांनाच बसवलं. हात कामात गुंतले आणि तोंडं सुटली. एकीने आपली यानाची गोष्ट वाचली. सोनगीरहून नातीला घेऊन आलेले एक नाना ऐकत होते. म्हणाले, "यान भारी शे, पोरी. पन आठ वरीस मानसे त्यामा राहतीन, मंग बठ्ठासनं सांडपानी कोठे जास?"

एवढ्या सगळ्यांचं आठ वर्षांचं सांडपाणी, याचा तिने विचारच केला नव्हता. मग जे भांडण पेटलं! शिरपूरचा शिक्षक यंदाही तसाच आला होता. त्याच्या अंगावरच्या नळ्या धरून सहा जण पाणी कुठून कुठे फिरेल ते दाखवायला लागले. तो बिचारा हात वर करून उभा आणि खूश. पिंपळनेरची एक मुलगी भाकरी थापता थापता मला म्हणाली, "मावशी, घरी असलं बोललं तर डोकं फिरलं म्हणतात." ही माणसं ऐकायला आलीच नव्हती, बोलायला आली होती. एवढं कळायला आमच्या शिकलेल्या पोरींना एक वर्ष आणि माझे वीस हजार लागले.

तरी मुलगी मधेच पिशवीतून शाल काढून आलीच. "आई, निदान एक तरी सत्कार!" मी शाल घेतली आणि त्याच शालीने धरून चुलीवरचं गरम पातेलं उतरवलं.

फी मात्र मी प्रत्येकाकडून घेतली. मान खाली घालून, पण हात पुढे करून. ऊन कलेपर्यंत कुणी हललं नाही आणि ज्यांना यायला जमलं नव्हतं त्यांनीही दुसऱ्या दिवशी पुढच्या वेळची फी आगाऊ पाठवली.

सोमवारी गटाच्या बैठकीत मी नोटा पुढे ठेवल्या. अध्यक्षांनी दोनदा मोजल्या. वीस हजार पूर्ण फिटले.