चंद्रोदयाला पडलेलं एक मत

पुण्याहून येणाऱ्या कॅलेंडरातला चंद्र पुण्याच्या वेळेला उगवायचा. आम्ही राहायचो अमेरिकेत, पार्सिपनीत. म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. गाव सांगितलं की तो तिथली तिथी आणि चंद्रोदयाची वेळ सांगे. फुकट मिळणाऱ्या एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या भांडारात तो पॅकेज म्हणून दाखल झाला, तेव्हा मिशी नसतानाही मी तिला पीळ देत हिंडलो.

मग भांडार सांभाळणाऱ्या एका स्वयंसेवकाची ईमेल आली. सिस्टिमच्या सीडीवर जागा कमी आहे, लोकप्रियतेच्या पाहणीत तुमचं पॅकेज कुणी वापरताना दिसत नाही, तेव्हा महिनाअखेरीस काढून टाकू. सिस्टिम बसवताना ती विचारत असे, 'तुम्ही काय काय वापरता ते कळवू का?' हो म्हटलं, की दर आठवड्याला कॉम्प्युटर नावगाव न सांगता मत टाकून येई.

कुणी वापरत नाही? अहो, इथल्या मराठी मंडळातल्या निम्म्या घरांत मी स्वतः सीडी वाटल्या होत्या! चौकशी केली तर कळलं, झाडून सगळ्यांनी 'नाही' दाबलं होतं.

"एच-वन व्हिसावर आहोत यार," एक नागपूरकर मित्र म्हणाला. "ग्रीन कार्ड फाइल केलंय. उगाच कुणाला काय कळवायचं?"

असा संताप आला! शेवटी सीडी घेऊन गेलो शेजारच्या काकूंकडे. काका निवृत्त डॉक्टर, दोघं फार पूर्वी इकडे आलेले. काकूंची संकष्टी कधी चुकत नसे.

"मी सिटिझन आहे. मोजू देत की," म्हणत त्यांनी ठसक्यात 'हो' दाबलं. पण संकष्टी नुकतीच होऊन गेली होती आणि पुढची यायच्या आत माझी मुदत संपत होती.

"काकू, मधूनमधून उघडा ना, प्लीज."

"संकष्टी नसताना चंद्राची चौकशी कशाला करू? खोटी मतं मी नाही टाकणार."

काका पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "इंजिनिअर झालास आणि उपासतापासाचं सॉफ्टवेअर लिहितोस?"

मी पॅकेजवर पाणी सोडलं. फार वाईट वाटत होतं.

आणि मुदत संपता संपता 'वापरतात'च्या रकान्यात एक मत पडलं! पॅकेज वाचलं. मी पेढे घेऊन काकूंकडे धावलो. त्यांनी बॉक्स तत्परतेनं कपाटात ठेवला, कारण काकांच्या शुगरमुळे त्या घरात गोड बंद होतं. फक्त संकष्टीला नैवेद्याचे दोन मोदक काकांच्या पानात पडत.

"थँक्यू काकू, उघडलंत ते."

"मी? मी हातसुद्धा लावला नाही."

आम्ही दोघांनी एकदमच काकांकडे पाहिलं. पेपर आणखी वर गेला.

"रोज बघता?" काकूंनी विचारलं.

"महिन्यातून एकदाच संकष्टी दाखवतं याचं सॉफ्टवेअर," पेपरामागून आवाज आला. "तेवढा बग काढायला सांग त्याला."