भिंतीपलीकडची स्पर्धा

नव्वदच्या दशकात मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत छापील प्रश्नावली घेऊन कारखान्यांच्या पाहणीचं काम करायचे. हेच प्रश्न म्हणे इतर देशांतल्या कारखान्यांनाही विचारणार होते, म्हणजे कोण पुढे आणि कोण मागे ते कळेल. प्रश्न काढणाऱ्या त्या शहाण्याला एकदा तरी इथल्या केमिकलच्या वासात उभं करायला हवं होतं.

नटबोल्ट बनवणाऱ्या एका काकांना मी विचारलं, "तुमची स्पर्धा कुठल्या देशाशी आहे?"

"देशाशी कशाला?" त्यांनी मागची भिंत दाखवली. "पलीकडे माझा सख्खा भाऊ हेच बनवतो. शेड वाटून घेतली ना आम्ही!"

उत्तरांच्या पर्यायांत सख्खा भाऊ नव्हता. मी वैतागून 'देशांतर्गत' वर खूण केली आणि पुढचा प्रश्न घेतला, "वीज गेली की तुमचा किती तोटा होतो?"

तेवढ्यात खरंच वीज गेली आणि मशिनं थांबली. काका उत्तर सोडून दाराकडे धावले, भावाच्या शेडमध्ये डोकावले आणि हसतच परत आले.

"त्याचीपण गेली," ते खुर्चीत बसत म्हणाले. "लिहा मॅडम, तोटा काही नाही."