तंबाखूमुक्तीचे अध्यक्ष

"हाव, ते समदं खरं हाय. पर कायदा काय म्हंतो?"

हे वाक्य बोलायच्या आधी अप्पा बिडी कानाशी धरायचे. दोन बोटांत हळूच फिरवायचे, आतला तंबाखू करकर वाजतोय का ते डोळे मिटून ऐकायचे, आणि मग वाक्य. बघणाऱ्याला वाटावं, कायद्याचा सल्ला ते बिडीकडूनच घेतात. काडी ओढली जायची ती समोरचा माणूस गप्प झाल्यावर.

निलंग्याला आमच्या शाळेच्या फाटकासमोर त्यांचं आडत दुकान होतं. सोयाबीन, तूर, हरभरा. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात बंडी, ओठात बिडी. तुम्ही म्हणाल, बिडी ओढणारा म्हातारा आम्ही काय पाहिला नाही? पाहिला असेल. पण अप्पांच्या दुकानातल्या तुरीला आयुष्यात कधी कीड लागली नाही, ती काय औषधानं? आमच्या गल्लीतले डास कुटुंबकबिल्यासह औशाकडं निघून गेले होते. आणि एकदा लातूरहून आलेली आग विझवणारी गाडी त्यांच्या दुकानापुढं करकचून थांबली, माणसांनी पाइप उलगडला, तेव्हा आतून आवाज आला, "या, बसा. च्या घेता का?" मी काही रंगवून सांगत नाही. पाइप मी स्वतः गुंडाळू लागलो होतो.

मी त्या शाळेत मास्तर. एक दिवस वरून आदेश आला की शाळा तंबाखूमुक्त करायची. लहान लेकरांच्या छातीत दुसऱ्याच्या बिडीचा धूर जाता कामा नये. उत्तम. फलक लावा, फाटकापासून शंभर यार्डांवर पिवळी रेघ मारा, आणि समिती नेमा. समितीवर अध्यक्ष म्हणून गावातला एक प्रतिष्ठित नागरिक घ्या.

आता आमच्याकडं अध्यक्ष निवडायची एक जुनी, पक्की रीत आहे. खुर्च्या आणि सतरंजी ज्याच्या घरून येते तो अध्यक्ष. गणेश मंडळ असो, पाणपोई असो, स्नेहसंमेलन असो, खुर्च्या अप्पांच्या, म्हणून अध्यक्ष अप्पा. मुख्याध्यापकांनी सवयीनं नाव लिहिलं, मी सवयीनं सही घेतली, तालुक्याला सवयीनं मंजूर झालं. तालुक्यातली सगळ्यात जास्त बिडी फुंकणारी छाती तंबाखूमुक्तीच्या अध्यक्षपदी विराजमान झाली, आणि कुणाला त्यात काही खटकलंसुद्धा नाही.

पहिली सभा शाळेच्या वर्गात झाली. अध्यक्ष आले ते हातात ताट घेऊन. बैठक म्हटली की ताट फिरतंच, पान, सुपारी, बिडीबंडल, काडेपेटी. पाहुण्याला ताट न दाखवणं म्हणजे त्याचा अपमान. सदस्यांनी मान राखला. 'शाळेच्या आवारात धूम्रपानास सक्त मनाई' हा ठराव मांडला गेला तेव्हा मांडणारा कोण ते धुरात दिसत नव्हतं. ठराव एकमतानं पास झाला, टाळ्यांऐवजी खोकून.

मग अप्पांनी मला त्या आदेशाचं परिपत्रक मोठ्यानं वाचायला लावलं. शंभर यार्डांपाशी थांबवलं.

"यार्ड? निलंग्यात यार्ड एकच हाय, मार्केटचं. शंभर कुठून आणायचे?"

मी समजावलं. शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री बंद, सार्वजनिक जागी ओढणं बंद. अप्पांनी बिडी कानाशी धरली. मग ती त्यांनी ताटात परत ठेवली.

"विकायचं न्हाई अन् रेघंच्या आत बसून ओढायचं? ह्ये कसलं? आजपासनं रेघंच्या आत कुणी बिडी काढायची न्हाई. मी बी न्हाई."

सरकारला असा माणूस सापडतो तेव्हा सरकारचीच पंचाईत होते. कारण कायदा हा फलकावर लिहायचा असतो, पाळायचा असतो असं आमच्यापैकी कुणाला कधी वाटलेलंच नव्हतं. फाटकाजवळच्या पानटपरीला चाकं होती, ती तपासणीच्या दिवशी रेघेबाहेर जायची आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत परत यायची. अप्पांनी चाकंच काढून घेतली. टपरीवाला रडत आला, "अप्पा, तुम्हीच माझं पहिलं गिऱ्हाईक!" अप्पा म्हणाले, "हाव, ते समदं खरं हाय." पुढचं त्याला पाठ होतं.

आणि तपासणीचे साहेब आले तो दिवस! साहेब जीपमधून उतरले, फलकासमोर उभे राहिले, फलक वाचला, 'छान' म्हणाले आणि सिगारेट पेटवली. अप्पा दुकानातून उठून आले.

"साहेब, जुर्माना."

"अहो, मी तपासणीला आलोय. तुमच्या शाळेला प्रमाणपत्र द्यायचंय मला."

"द्या की. पर कायदा काय म्हंतो?"

मुख्याध्यापकांच्या तोंडाचा रंग रेघ मारायला आणलेल्या डब्यातल्यासारखा पिवळा झाला. साहेबांनी निमूट दंड भरला. पावतीपुस्तक वरून आलेलंच नव्हतं, म्हणून त्या दंडाची भजी झाली आणि साहेबांनीही खाल्ली. महिनाभरात प्रमाणपत्र आलं. शाळा शंभर टक्के तंबाखूमुक्त.

आता तुम्ही विचाराल, अध्यक्षांची बिडी सुटली का? छे हो! बिडी फक्त राहायला दुसरीकडं गेली. अप्पांचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत, रेघेच्या जेमतेम बाहेर. दुकानात ओढायची बंद झालेली प्रत्येक बिडी आता घरी जाऊन ओढली जाऊ लागली. तलफ आली की अप्पा उठायचे, रेघ ओलांडायचे, ओसरीवर बसायचे. आणि ओसरीवर बसले की मांडीवर आरू येऊन बसायची. आरू म्हणजे त्यांची नात, अजून शाळेत न गेलेली. शाळेतल्या झाडून सगळ्या लेकरांची छाती अध्यक्षांनी वाचवली होती. ही एक राहिली, कारण हिचं नाव पटावर नव्हतं.

थंडी पडली तशी पोरीची छाती शिट्टी वाजवायला लागली. सूनबाई तिला लातूरला दवाखान्यात नेऊन आल्या. येताना वाफेचं मशीन घेऊन आल्या. मी त्या संध्याकाळी ओसरीवर चहाला बसलो होतो.

"मामा," त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "डॉक्टरनं विचारलं, घरात बिडी कोण वडतं? मी काय सांगू?"

"मी काय लेकराच्या तोंडात धूर सोडतो? खिडकीकडं तोंड करून सोडतो."

"खिडकी बंद असती, मामा. थंडी हाय."

अप्पांनी बिडी कानाशी नेली. "हाव, ते समदं खरं हाय. पर कायदा काय म्हंतो? घर म्हंजे सार्वजनिक जागा हाय का? इचार सरांना."

सूनबाईंनी खरोखरच विचारलं. "सर, शाळेतल्या लेकराला शंभर यार्ड. घरातल्या लेकराला किती?"

मी समितीचा सचिव. परिपत्रक मला तोंडपाठ. त्यात शाळा होती, दवाखाना होता, एसटी स्टँड होतं. घर नव्हतं. मी कपातल्या चहाकडं अतिशय बारकाईनं पाहू लागलो.

"न्हाई ना कायदा?" सूनबाई म्हणाल्या. "मग उद्या मी आरूला घेऊन नांदेडला माहेरी जाते. तिथं बी कायदा न्हाई, पर बिडी बी न्हाई. तुम्ही वडा निवांत."

आत आरू खोकायला लागली. आधी वाटलं थांबेल. ती थांबेना. कुत्र्याचं पिल्लू विहिरीत पडून भुंकावं तसा आवाज. अप्पांच्या हातातली बिडी कानापाशी तशीच राहिली. ते ऐकत होते, पण बिडी नाही.

सकाळी मी शाळेला निघालो तर अप्पा गुडघ्यावर बसून स्वतःच्या घराभोवती पिवळी रेघ मारत होते. शाळेचा उरलेला रंग, हातात तुटका ब्रश. गल्ली गोळा झालेली. कुणीतरी म्हणालं, "अप्पा, घरात अंगणवाडी काढलाव की काय?" अप्पांनी ब्रश पुन्हा डब्यात बुडवला. नांदेडची एसटी सूनबाईंशिवाय गेली.

बिडी सोडायचा त्यांनी प्रयत्न केला, अगदी पराकाष्ठेचा. बडीशेप खाल्ली, लवंगा खाल्ल्या, वेलदोडे तर इतके खाल्ले की घरातली खीर बंद पडली. त्या दिवसांत मोंढ्याच्या बाजारात तुरीचा भाव अप्पांचं तोंड बघून ठरायचा, आणि तोंड असं होतं की उमरी-धर्माबादचे व्यापारी अर्ध्या वाटेतून माघारी जायचे. पण चाळीस-पन्नास वर्षांची सोबत, ती लवंगेचं ऐकते होय? एका संध्याकाळी ते सूनबाईंना म्हणाले, "बिडी काय मला सोडंना. म्हणून मीच घर सोडलो."

आणि खरंच सोडलं. घरामागच्या मैदानापलीकडं त्यांचं गोदाम होतं. तिथं पोत्यांच्या थप्पीला लागून खाट टाकली आणि राहिले. गावाला काय, विषयच पाहिजे. सुनेनं सासऱ्याला हाकललं, असं देवणीपर्यंत गेलं. अप्पा भेटेल त्याला थांबवून सांगायचे, "मला कुणी काढलं न्हाई. कायदा मी केलो, लागू बी मीच केलो."

मग त्या कायद्याला कलमं फुटत गेली. धूर कपड्यात राहतो, डोक्याच्या केसांत राहतो, हे डॉक्टरनं सूनबाईंना सांगितलं होतं. म्हणून आरूला मांडीवर घ्यायचं तर आधी आंघोळ, धुतलेली बंडी, धुतलेलं धोतर, आणि ती मांडीवरून उठेपर्यंत बिडी नाही. अंमलबजावणी आरूनं आपल्या हाती घेतली. गोदामाच्या दाराशी ती कमरेवर हात ठेवून उभी राही.

"अज्जा, आंघोळ झाली का?"

"झाली की, माय."

ती पुढं येऊन त्यांच्या खांद्याला नाक लावी आणि लांब श्वास घेई. "न्हाई झाली!" आणि फणकाऱ्यानं मागं फिरे. अप्पा भर थंडीत पुन्हा आंघोळीच्या बंबाकडं.

"सर," ते मला एकदा कुडकुडत म्हणाले, "ही लई कडक हाय. हिच्यापुढं भजी बी चालत न्हाईत."

पुढच्या थंडीत आरूची शिट्टी वाजली नाही. वाफेचं मशीन कपाटावर गेलं. खोकला मात्र गल्लीतून गेला नाही, तो मैदानापलीकडं गोदामात ऐकू यायचा, जाड, ओला. "दवाखान्यात चला" म्हटलं की अप्पा हसायचे. माझी तोवर उदगीरला बदली झाली होती. एका सकाळी मुख्याध्यापकांचा फोन आला. मी मिळेल त्या गाडीनं निघालो.

लिंगायत माणसाला निजवून नेत नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून, बसवून नेतात. अप्पांना त्यांच्या ओसरीवर खुर्चीत बसवलं होतं. नवं धोतर, कपाळभर भस्म, गळ्यात झेंडूचा हार. बऱ्याच दिवसांनी ते घरात सकाळपासून बसून होते. भजनाची मंडळी आली होती. स्वामींनी ऊद पेटवायला घेतला.

सूनबाईंनी हात आडवा घातला. डोळे सुजलेले, पण आवाज स्वच्छ.

"स्वामी, धूर नको. घरात लेकरू हाय."

स्वामींनी उदाचं भांडं मैदानापलीकडं नेऊन ठेवायला सांगितलं. आमच्या गावात कायदा असा पाळलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

माणसांच्या पायांमधून वाट काढत आरू आली. खुर्चीसमोर उभी राहिली. पायाच्या चवड्यांवर उंच होऊन तिनं त्यांच्या खांद्याला नाक लावलं, लांब श्वास घेतला. आणि कुणाला न विचारता मांडीवर चढून, हाराला बाजूला सारून, छातीवर डोकं टेकून बसली.

तिला कुणी उठवलं नाही.