ट्रंकेतली पांढरी साडी

काल कपाटातून स्वेटर काढताना डांबरगोळ्यांचा वास आला आणि बेलापूरच्या गयाबाई आठवल्या. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी लंडनला माहितीपट करायला शिकत होतो आणि सुट्टीत कॅमेरा घेऊन शेतमजूर बायकांवर फिल्म करायला इकडे आलो होतो. स्वतःला फार शहाणा समजत होतो.

ठरल्या दिवशी गयाबाई दारात उभ्या होत्या. बुद्धवंदनेला नेसायची पांढरीशुभ्र साडी त्यांनी ट्रंकेतून काढून नेसली होती. घड्यांच्या रेषा तशाच होत्या आणि अंगणात डांबरगोळ्यांचा वास. माझा चेहराच पडला.

"मावशी, ही नको. कामावर नेसता ती फाटकी नेसा."

त्या आत जाऊन बदलून आल्या. मी कॅमेरा सुरू केला. पांढऱ्या साडीची जुन्याच रेषांवर घडी घालत त्यांनी विचारलं, "तिकडच्या लोकांना आमी असंच दिसाया पायजे व्हय?"

"हो," मी म्हणालो.

तिकडे फिल्मचं फार कौतुक झालं. किती खरी वाटते, असं सगळे म्हणाले. गयाबाईंचा तो प्रश्न आणि माझं ते 'हो' मी आधीच कापून टाकलं होतं.