शिट्टीबाईंची मोजणी

आमच्या मुलींच्या सुधारगृहात बावीस वर्षं फाटक सांभाळणाऱ्या बाईंना सगळे शिट्टीबाई म्हणतात. मी तिथल्या स्वयंपाकघरात. मी मीठ चोरते, असा त्यांना पहिल्या दिवसापासून संशय. मीठ! शिट्टी वाजली की मुलींनी हातातलं टाकून रांगेत उभं राहायचं आणि एक ते बारा आकडे म्हणायचे. एकदा इस्पितळात तपासायला नेलेली एक मुलगी तिथून पळाली, तेव्हापासून ही शिट्टी तासातासाला वाजते.

मग नाटकवाल्या ताई आल्या. म्हणाल्या, मुली भर चौकात नाटक करतील. लोकांसमोर उभं राहिलं की मनातली भीती जाते.

"भीती जाईल की मुली?" शिट्टीबाई म्हणाल्या.

तालमी दोन महिने चालल्या. बाई एकीलाही फिरकल्या नाहीत. मुली खोलीबाहेर आहेत तोवर त्यांच्या गाद्या आणि पेट्या उलथ्यापालथ्या करायला याहून चांगली वेळ कुठली? एक कंगवा सापडला, तो जप्त झाला.

शेवटच्या नंबरची मुलगी आल्यापासून कुणाशी बोलली नव्हती. मोजणीत "बारा" म्हणायची, तेवढंच. ताईंनी नाटकाचा शेवट नेमका तिलाच दिला. तिने प्रेक्षकांत बसायचं आणि शेवटी उठून आपलं नाव सांगायचं. तालमीत तिला ते एकदाच जमलं. त्या दिवशी ताई माझ्या ओट्यापाशी येऊन ढसाढसा रडल्या.

चौकात गर्दी जमली. मुलींचे डबे घेऊन मीही गेले होते. बाई ओठ हलवत मोजत होत्या. अकरा. पुन्हा मोजलं, तरी अकराच. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांच्या पाठीमागे ती मुलगी गर्दीतून उठली होती, तोंड उघडलं होतं. मी पलीकडून ओरडले, "अहो, ती इथेच..." पण शिट्टी वाजली.

मुलींनी नाटक तिथेच टाकून रांग धरली. एक, दोन, तीन, थेट अकरापर्यंत. मग गर्दीतून आवाज आला, "बारा!"

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना वाटलं, शेवट असाच आहे.

परतताना गाडीत बाई तिच्याशेजारी जाऊन बसल्या. मग इतक्या हळू बोलल्या, की मला कान द्यावा लागला. "काय सांगणार होतीस गं? मला सांग ना. नाव सांग तुझं."

पोर अंग चोरून ताठ बसली.

"बारा," म्हणाली.

बाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही.