बंद पाळण्याचं तिकीट

दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक जाहिरात येऊन पडली. गुलबर्ग्याच्या बाहेर पाळण्यांचं आणि पाण्याच्या घसरगुंड्यांचं जे जुनं पार्क आहे, ते कोरोनात बंद पडलं होतं. आता सुट्टीपुरतं पुन्हा उघडणार होतं. शहराचं नाव कलबुर्गी होऊन बरीच वर्षं झाली, पण आमच्या तोंडात गुलबर्गाच बसलंय. जाहिरातीत तिकिटाचा आकडा ठळक होता, आणि ‘निवडक खेळच चालू राहतील’ हे वाक्य चष्मा लावून शोधावं लागलं.

स्टाफरूममध्ये दोन दिवस त्याचीच चर्चा. गणिताच्या बाई म्हणाल्या, “अर्धे खेळ आणि तिकीट दुप्पट. एवढ्यात हैदराबादला जाऊन येता येतं.” मलाही ते पटलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तेही म्हणाले, “लुटायचे धंदे हायेत. लोकांना जुन्या आठवणी असतात, तेवढ्यावर तिकीट खपतंय.” ते शेती खात्यात नोकरीला आहेत, त्यामुळे कुठल्याही जाहिरातीवर त्यांचा भरवसा नाही. विषय तिथंच संपला असता. पण आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पलीकडच्या खोलीत तूर निवडत बसल्या होत्या.

“कुठलं पार्क?” त्यांनी तिथूनच विचारलं. “पाळण्याचं?”

“व्हय,” नवरा म्हणाला. “पण आई, पाळणा चालू हाय का न्हाई कुणाला ठाऊक.”

“मला कुठं बसायचंय त्यात. बघून येऊ.”

त्या असं कधी काही मागत नाहीत. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं.

ते पार्क आमच्या घरात काय आहे, हे सांगायचं तर माझ्या लग्नाआधी जावं लागेल. माझे वडील निंबर्ग्यात प्राथमिक शिक्षक होते. मी बी.एड. करून नुकतीच मोकळी झाले होते आणि खजुरी गावचं एक स्थळ आलं होतं. मुलगा नोकरीला, घरात आई, वडील नाहीत. गुलबर्ग्याला माझे मामा राहायचे, म्हणून बघायचा कार्यक्रम त्यांच्याकडं ठरला. पण मामांची खोली एकच, आणि दोन्हीकडची माणसं मोजली तर निम्मी रस्त्यावर बसली असती. मामा म्हणाले, “नवीन पार्क निघालंय, तिथं झाडं हायेत, बाकडी हायेत. तिथंच भेटू.” मुलगी बघायला पार्कात जायलेत म्हणून नातेवाईक पुष्कळ हसले. पण पार्क सगळ्यांनाच बघायचं होतं, म्हणून एकजणही गळला नाही.

आईनं मुरमुऱ्यांचा सुसला आणि शेंगाच्या पोळ्या बांधून नेल्या होत्या. मला आंब्याच्या रंगाची साडी नेसवली होती. एका निंबाखाली सतरंजी अंथरून ‘जय भीम’ झाला, पाणी झालं, वडिलांनी माझे मार्क सांगितले. मुलगा मान खाली घालून पोळी खात होता. मी त्याचा फक्त भांग बघितला. मग कुणीतरी म्हणालं, पोरापोरीला पाळण्यात बसवा, दोन शब्द बोलतील.

समोरच तो मोठा आकाशपाळणा होता. मुलानं वर बघितलं आणि म्हणाला, “मला चक्कर येती.” सगळे हसले. त्याचे कान लाल झाले. तेव्हा त्याची आई उठली, पदर खोचला आणि म्हणाली, “मी बसते पोरीसंगं.”

पाळण्यात बसायची त्यांची ती पहिलीच वेळ. माझीही. आमच्या पायावरून लोखंडी दांडी अडकवली आणि पाळणा हळूहळू फिरू लागला. दुसऱ्या फेरीत आम्ही अगदी वर होतो तेव्हा करंट गेला.

त्या काळात करंट जाणं यात नवल नव्हतं. पण घरात जाणं वेगळं आणि आभाळात जाणं वेगळं. पाळणा थांबला आणि झुलायला लागला. खाली मामा हात हलवून काहीतरी ओरडत होते, ते ऐकू येत नव्हतं. चारी बाजूंनी तुरीची रानं दिसत होती आणि लांबवर रेल्वेचा रूळ. मला आठवतं ते असं, की त्यांनी डोळे गच्च मिटले होते आणि माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगड्या रुतत होत्या.

“खाली बघू नका,” मी म्हणाले. “माझ्याशी बोला.”

“काय बोलू?”

“काहीबी.”

त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, “तुलाच काय इचारायचं असंल तर इचार. खाली समदी माणसं हायेत.”

घरून निघताना आईनं बजावलं होतं की स्वतःहून काही विचारायचं नाही. पण इथं आई नव्हती. मी विचारलं, “लग्न झाल्यावर मला नोकरी करू द्याल का?”

त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, “आमच्या गावात शाळा बांधायलते, तवा मी तिथं खडी फोडायला जात व्हते. पोटूशी व्हते. शाळा झाली, पोरगं शिकलं. मी काय आत गेले न्हाई. कुणी बोलीवलंच न्हाई.” मग म्हणाल्या, “तू मास्तरीण झालीस तर मला आत बसू देशील का?”

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार. मग त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलं.

“तुला भ्या वाटत न्हाई?”

“वाटतंय की.”

“मग रडत कामून न्हाईस?”

“तुम्ही हात धरलाय म्हणून.”

खाली जनरेटर चालू झाला, पाळणा हिसका देऊन हलला आणि आम्ही जमिनीवर आलो. उतरल्यावर त्या नीट उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि थेट माझ्या वडिलांपुढं जाऊन म्हणाल्या, “आमाला पोरगी पसंत हाय. आमी पसंत हाव का, तिला इचारा.” वडिलांनी मला खरंच विचारलं, सगळ्यांसमोर. मी मान हलवली. ज्याच्याशी लग्न ठरत होतं त्याच्याशी तोवर मी एक शब्दही बोलले नव्हते.

वर काय बोलणं झालं ते आम्ही दोघींनी कुणालाही सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असं नाही, पण सांगितलं नाही. मी नोकरीला लागल्यावर आळंदच्या शाळेत त्या पहिल्या दिवशी माझ्याबरोबर आल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. पुढं संध्याकाळी स्वयंपाक करता करता मी त्यांना अक्षरं शिकवली. मराठी माझ्याकडं शिकल्या, कन्नड बसच्या पाट्यांवरून आपल्या आपणच.

तर नवऱ्यानं पार्कात फोन लावला. पलीकडचा माणूस कन्नडमधून म्हणाला, सगळं मुख्य चालू आहे. पाळणा चालू आहे का, या प्रश्नावर त्यानं ‘या तर खरं’ असं मोघम उत्तर दिलं. आम्ही रविवारी गाडी काढली.

दारावर गर्दी होती. म्हाताऱ्या माणसांना सवलत नाही, खेळ खेळा किंवा खेळू नका, तिकीट पूर्ण. नवऱ्यानं खिडकीतल्या पोरीशी कन्नडमधून बरीच हुज्जत घातली. “अण्णा, मी काय करू, वरनं सांगितलंय,” एवढंच ती म्हणत राहिली. शेवटी आत्याबाईच मुलाला म्हणाल्या, “अप्पा, दे पैसे. मागं माणसं खोळंबलीत.” मनगटाला कागदाच्या पट्ट्या बांधून आम्ही आत गेलो.

आत नवा रंग पुष्कळ होता आणि खेळ थोडे. छोटी आगगाडी चालू होती, फिरणारे कप चालू होते, एकमेकांना धडकणाऱ्या गाड्या चालू होत्या. पाण्याच्या मोठ्या घसरगुंड्या कोरड्या होत्या, त्यांच्यावर पालापाचोळा अडकला होता. खाण्याच्या टपऱ्या मात्र आधीपेक्षा तिप्पट. बाहेर मिळतं तेच मिरची भजं इथं बटर पेपरवर होतं आणि त्याची किंमत ऐकून नवरा म्हणाला, “माझी भूक मेली.”

पाळणा उभा होता, पण नुसता सांगाडा. त्याच्या खांबाला एक पाटी टांगली होती. आत्याबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि एकेक कन्नड अक्षर लावत त्यांनी ती वाचली. “दुरुस्तीसाठी बंद,” त्या म्हणाल्या. मग वर बघत म्हणाल्या, “पाळणे कुठं गेले?”

पाळणे खाली होते. सगळे काढून, गुलाबी-पिवळे रंगवून, हिरवळीवर ओळीनं मांडून ठेवले होते. प्रत्येकावर कागदी फुलांची कमान. लोक त्यात बसून फोटो काढत होते. मला एकदम राग आला. ज्या गोष्टीसाठी एवढे पैसे मोजून आलो, तिचे अवयव काढून शोभेला मांडले होते. मी म्हणाले, “चला, परत जाऊ. पैसे गेले ते गेले.”

आत्याबाई ऐकून न ऐकल्यासारखं करून एका पाळण्यात जाऊन बसल्या. मला हातानं शेजारी बोलावलं. मी बसले. मग नवऱ्याला म्हणाल्या, “ये की. आता कामून भितोस? जमिनीवर हाय.”

नवरा इकडंतिकडं बघत समोरच्या फळीवर बसला. गुडघे गुडघ्यांना लागत होते. एवढ्या वर्षांत आम्ही तिघं त्या पाळण्यात कधी बसलो नव्हतो. मग नवऱ्यानं आईला विचारलं, “त्या दिवशी वर तुमी दोघी काय बोललात? करंट गेल्ता तवा.”

मी आत्याबाईंकडं बघितलं.

“काय बोलणार,” त्या म्हणाल्या. “ही रडायलती. डोळे मिटून बसल्ती. मी हात धरला तिचा, म्हणलं, खाली बघू नको, माझ्यासंगं बोल.”

त्या खोटं बोलत नव्हत्या. थट्टाही करत नव्हत्या. त्यांचा चेहरा अगदी सरळ होता, आणि त्यांना सगळं लख्ख दिसत होतं. पोरगी रडतेय आणि आपण धीर देतोय. मला जे दिसतं तेही तितकंच लख्ख आहे. हात कुणी कुणाचा धरला होता हे सांगायला वर तिसरं कुणी नव्हतं, माझ्या मनगटावर बांगड्यांचे वळही नाहीत.

“मग?” नवऱ्यानं विचारलं.

“मग मी म्हणलं, पोरी, तू नोकरी कर. घर मी बघते.”

हेही मला तसं आठवत नाही. हे त्यांनी पुढं म्हटलं होतं, लग्नानंतर, आमच्या थोरल्या मुलीच्या बाळंतपणाच्या वेळी. पण त्यांनी दोन्ही गोष्टी एकाच पाळण्यात नेऊन बसवल्या होत्या. मी म्हणाले, “व्हय, तसंच म्हणाल्या त्या.” नवऱ्यानं मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी चष्मा पुसण्यात घालवलं.

एक नवं लग्न झालेलं जोडपं फोटोसाठी खोळंबून उभं होतं. मुलीनं आत्याबाईंना हात देऊन उठवलं आणि म्हणाली, “अज्जी, तुमचा पण काढू का?” तिनं आमच्या तिघांचा एक फोटो काढून दिला. त्यात नवरा कमानीमागं अर्धा झाकला गेलाय.

नंतर आम्ही छोट्या आगगाडीत बसलो. ती एक फेरी मारून जिथल्या तिथं येते, वाटेत बघण्यासारखं काही नाही. मग आत्याबाई म्हणाल्या, अप्पा, त्या गाड्यांत बस. नवरा नको नको म्हणत धडकणाऱ्या गाड्यांत बसला आणि शाळकरी पोरांनी त्यांना चारी बाजूंनी असं गाठलं की गाडी एका कोपऱ्यात जाऊन अडकली. कठड्याला धरून आत्याबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी पाणी आणायला धावले. पाण्याची बाटलीही महागच होती.

सुट्टीनंतर शाळेत गणिताच्या बाईंनी विचारलं, “गेला होतात म्हणे. पैसे वसूल झाले का?” मी खरं ते सांगितलं. लहान मुलं असतील तर आत्ता जाऊ नका, पाणी नाही, पाळणा नाही, खाणं घरचं न्यायला परवानगी नाही. पूर्ण उघडेल तेव्हा जा. त्या म्हणाल्या, “म्हणजे न्हाईच झाले की वसूल.” मी म्हणाले, “आमचे झाले.” कसे, ते त्यांनी विचारलं नाही. तास सुरू व्हायची घंटा झाली होती.

त्या दिवशी परतताना आत्याबाई गाडीत पुढं बसल्या होत्या. दोन्ही बाजूंना तूर फुलावर आली होती. मला वाटलं त्यांचा डोळा लागलाय. पण शहर मागं पडल्यावर त्या म्हणाल्या, “तिकीट लई महाग हाय, अप्पा.”

“व्हय, मी सांगतच व्हतो.”

“पुढल्या टायमाला आधी नीट इचार. पाळणा चालू असंल तरच जाऊ. आन् तू बी बसायचं.”

नवऱ्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं आणि “बरं,” म्हणाला.